पस्तिसाव्या हिश्श्याचा रणगाडा

तिशीतला माणूस. पगार बरा, गाडीचा हप्ता चालू, लग्नाच्या बाजारात भावही ठीक. आणि रविवारी दुपारी हा काय करतोय? तर टेबलावर जुना पेपर पसरून, चिमट्यात तीन मिलिमीटरचं हँडल पकडून, श्वास रोखून बसलाय. आतून आई विचारते, ‘‘जेवायला येतोस, की तुझ्या त्या खेळण्याचंही ताट वाढू?’’ हा मान हलवत नाही. हलवली तर हँडल उडेल, आणि उडालेलं हँडल मोझेक टाइल्सवर आजवर कुणाला सापडलेलं नाही.

मंडळी, याला मॉडेलिंग म्हणतात. रॅम्पवरचं नव्हे, स्केल मॉडेलिंग. म्हणजे विमानं, रणगाडे, जहाजं यांच्या अचूक छोट्या प्रतिकृती प्लॅस्टिकच्या सुट्या भागांतून जोडायच्या आणि रंगवायच्या. डबा उघडला की आत चौकटीच्या चौकटी निघतात, त्यांना स्प्रू म्हणतात. कैरीच्या देठासारखा प्रत्येक भाग त्या चौकटीला चिकटलेला असतो. तो कापायचा, देठ घासायचा, जोडायचा. ऐकायला सोपं वाटतं. पहिल्या किटला सगळ्यांनाच वाटतं.

आधी मापांचा फंडा समजून घ्या, कारण या लोकांचं निम्मं बोलणं त्यातच असतं. विमानवाल्यांचं लाडकं माप १/७२. सहा फुटांचा माणूस बरोब्बर एक इंचाचा होतो, कारण फूट-इंचाच्या जगात एक इंच म्हणजे सहा फूट धरलं की हिशेब सोपा. ब्रिटनच्या एअरफिक्स कंपनीने १९५३ मध्ये आपलं पहिलं विमान काढलं ते स्पिटफायर, आणि पुढे याच मापात कित्येक पिढ्यांनी शाळेचा अभ्यास बुडवला. जरा मोठं हवं असेल तर १/४८.

रणगाडेवाल्यांचं माप मात्र १/३५, आणि त्याची गोष्ट भन्नाट आहे. जपानमधल्या शिझुओकाच्या तामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मन पँथर रणगाड्याचं किट काढलं. तो चालणारा हवा होता, म्हणजे पोटात मोटर आणि बॅटऱ्या मावायला हव्या होत्या. त्या मावतील एवढा रणगाडा केल्यावर मोजून पाहिलं तर माप आलं साधारण पस्तिसावा हिस्सा. कुठल्याही फूटपट्टीत न बसणारा हा आकडा मग कंपनीने पुढच्या किट्सनाही चालू ठेवला आणि बाकीचे मागून आले. आज जगभर रणगाडे पस्तिसाव्या हिश्श्यात बनतात ते बॅटऱ्यांमुळे. तुमच्या ऑफिसातलं एखादं फोल्डर स्ट्रक्चर कुणीतरी घाईत बनवलं आणि दहा वर्षं सगळे तेच वापरतायत ना? तसंच.

आता प्रत्यक्ष काम. पहिली गोष्ट म्हणजे फेविक्विक ठेवून द्या. प्लॅस्टिक मॉडेलचा गोंद हा खरं तर गोंदच नसतो. तो दोन्ही कडा विरघळवतो आणि त्या एकमेकींत मिसळून एक होतात, म्हणजे हे प्लॅस्टिकचं वेल्डिंग. पातळ गोंद ब्रशने फटीच्या तोंडाशी टेकवायचा, तो आपोआप आत ओढला जातो. मग रात्रभर हात लावायचा नाही. हा हात न लावण्याचा भाग आपल्या पिढीला सगळ्यात कठीण जातो. दोन मिनिटांत नूडल्स आणि दहा मिनिटांत किराणा मिळणाऱ्या माणसाला ‘उद्या बघू’ हे ऐकायची सवय राहिलेली नाही.

मग फटी भरायच्या. विमानाचं धड बहुतेक वेळा डावं-उजवं अशा दोन अर्धुकांत येतं आणि मधोमध पाठीवरून जोडाची रेघ जाते. खऱ्या विमानाला अशी रेघ नसते. तेव्हा पुट्टी लावा, वाळू द्या, आणि हार्डवेअरवाल्याकडचा वॉटर पेपर आणा. आधी ४००, मग ६००, मग १०००. पाण्यात बुडवून घासायचं. बोटाला रेघ लागेनाशी झाली की झालं असं वाटतं. प्राइमरचा राखाडी हात मारला की ती पुन्हा दिसते. पुन्हा पुट्टी.

रंगाचं तर वेगळंच शास्त्र. ब्रशने रंगवता येतं आणि उत्तम येतं, पण अनेकजण शेवटी एअरब्रश आणि छोटा कॉम्प्रेसर घेतातच. केकवर रंग मारायला वापरतात त्याच जातीचं हे यंत्र. रंग किती पातळ करायचा? दुधाइतका, हे जगभरचं उत्तर. म्हशीच्या की गायीच्या, ते कुणी सांगत नाही. मुंबईकरांनी एक लक्षात ठेवावं, जुलैमध्ये लॅकर किंवा वॉर्निश मारलं तर हवेतल्या दमटपणाने त्यावर पांढुरकी साय धरू शकते. पावसाळ्यात घासकाम करा, फवारे दिवाळीनंतर. आणि वन बीएचकेत थिनरचा वास कोंडून घेऊ नका. खिडकी उघडी, तोंडाला चांगला मास्क. घरात लहान मूल असेल तर पाण्याने साफ होणारे अॅक्रिलिक रंगच बरे.

यातलं मला सर्वात आवडतं ते मापाचं गणित, कारण ते रंगालाही सोडत नाही. तुमच्या रंगाचा थर एक दशांश मिलिमीटर जाड झाला तर खऱ्या रणगाड्यावर तो साडेतीन मिलिमीटर झाला! एवढा रंग कुठलाही क्वार्टरमास्टर देणार नाही. ब्रशचा एक केस रंगात अडकून राहिला तर तो खऱ्या मापात जाडजूड दोर. चिखल म्हणून बागेतली माती चिकटवलीत, तर अर्ध्या मिलिमीटरचा वाळूचा कण म्हणजे पावणेदोन सेंटिमीटरची खडी. म्हणून हे लोक धूळ करायला बारीक दळलेली रंगाची पूड वापरतात. आणि म्हणूनच मूळ रंगाचा अगदी बरोबर शेड छोट्या मॉडेलवर जास्त काळपट वाटतो. त्यात थोडा पांढरा मिसळावा लागतो, म्हणजे नजर फसते आणि ती वस्तू दूर उभी आहे असं वाटतं.

सुरुवात करणाऱ्यांना माझा सल्ला, १/७२ चं छोटं विमान घ्या. आपलं नॅट घ्या. खरं नॅट नऊ मीटरपेक्षाही कमी लांब होतं, त्यामुळे मॉडेल तुमच्या तळहातावर मावतं. याच चिमुकल्या विमानांनी २२ नोव्हेंबर १९७१ ला बोयऱ्याच्या आकाशात पाकिस्तानी सेबर गाठली होती, आणि श्रीनगरच्या फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं तेही नॅटवरच. एक काळजी मात्र घ्या. दुकानातलं नॅट अनेकदा ब्रिटनच्या रेड अॅरोज पथकाचं, दोन माणसांचं ट्रेनर असतं. आपलं लढाऊ नॅट एका माणसाचं. नाक वेगळं, पंख वेगळे. ट्रेनरवर तिरंगी वर्तुळं चिकटवून ते लढाऊ होत नाही.

तर मुद्दा असा, की डब्यांच्या दुनियेत आपण फारसे नाहीच. कुठल्याही हॉबी शॉपच्या फडताळासमोर उभे राहा. टायगर, पँथर, पुन्हा टायगर. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन रणगाड्यांचं या छंदाला जडलेलं प्रेम हा मला कायम खटकणारा प्रकार आहे. यंत्र म्हणून ती देखणी होती, मान्य. पण अनेक डब्यांत स्टिकरच्या कागदावरून स्वस्तिक गायब असतं, कारण जर्मनीत ते चिन्ह मिरवण्यावर कायद्याने बंदी आहे. चिन्ह काढलं की रणगाडा निरागस होतो, असा काहीतरी समज त्यामागे आपोआप तयार होतो. मग एसएसच्या तुकडीचा टायगर कुणाच्यातरी ड्रॉइंगरूममध्ये गणपतीच्या बाजूला जाऊन बसतो, आणि पाहुणे म्हणतात, सही दिसतोय हं!

माझ्या एका मित्राने यावर स्वतःपुरता तोडगा काढलाय. हिंजवडीत टेस्टर आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधतो. ‘‘आमच्याकडे कुठलीच गोष्ट संपत नाही रे,’’ तो म्हणतो, ‘‘चार पॉइंट दोन झालं की चार पॉइंट तीन.’’ त्याने टायगर विकून टाकला आणि ठरवलं, आता आपल्या मातीतलं काहीतरी. गेले आठ महिने तो एकाच रणगाड्यावर आहे. सेंच्युरियन. नाव, फामागुस्ता.

ज्यांना नाव माहीत नाही त्यांच्यासाठी. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल. जन्म पुण्याचा, १४ ऑक्टोबर १९५०. खडकवासल्याच्या एनडीएत शिकला, आज तिथल्या परेड ग्राउंडला त्याचं नाव आहे. जून १९७१ मध्ये पूना हॉर्स रेजिमेंटमध्ये दाखल झाला. ही रेजिमेंट १८१७ मध्ये पुण्यातच उभी राहिलेली. युद्धाचे ढग जमले तेव्हा तो अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, नव्या अधिकाऱ्यांच्या कोर्सवर होता. कोर्स अर्धा सोडून निघाला. सामानात गोल्फच्या काठ्याही घेतल्या होत्या असं सांगतात, लाहोरला खेळायला म्हणून. एकविसाव्या वर्षी माणूस असाच विचार करतो.

१५ डिसेंबरच्या रात्री शकरगढ भागात आपल्या पायदळाने बसंतर नदीपलीकडे पाय रोवला होता. नदीच्या पात्रात आणि काठांवर सुरुंग. इंजिनियर्सचं सुरुंग काढायचं काम पूर्ण झालेलं नव्हतं, पण पलीकडून शत्रूच्या रणगाड्यांची चाहूल लागली आणि पूना हॉर्सचे रणगाडे अर्ध्या साफ केलेल्या सुरुंगपट्ट्यातून पार झाले. १६ ला जरपालपाशी समोरासमोर गाठ पडली. त्या चकमकीत शत्रूचे दहा रणगाडे टिपले गेले, त्यातले चार खेत्रपालने. फामागुस्तालाही गोळा लागला, आग लागली. रणगाडा सोडून बाहेर पड असा हुकूम वायरलेसवर आला. माझी तोफ अजून चालू आहे, या अर्थाचं उत्तर त्याने दिलं आणि तो थांबला. नंतरचा गोळा त्याला घेऊन गेला. त्याच दिवशी ढाक्यात शरणागतीच्या कागदावर सह्या झाल्या. त्याला मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. पूना हॉर्सचं ते दुसरं. पहिलं १९६५ मध्ये लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर यांचं, तेही मरणोत्तर, तेही सेंच्युरियनवरचं.

फामागुस्ता मात्र परत आला. आज तो अहिल्यानगरला, आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जतन केलेला आहे. म्हणजे ज्या गावातून खेत्रपाल कोर्स सोडून गेला, त्याच गावात त्याचा रणगाडा उभा आहे. पुण्याहून तीन तासांच्या आत. तिथलंच कॅव्हलरी टँक म्युझियम १९९४ पासून आहे. महाबळेश्वरला अठराव्यांदा जाण्याआधी एकदा तिथे जाऊन या. सेंच्युरियन, पॅटन, आपला विजयंता, सगळे रांगेत उन्हात उभे आहेत.

माझा मित्र तिथे दोनदा जाऊन आला. जिथे परवानगी तिथे फोटो, नाही तिथे वही. कारण डबा आणला तो ब्रिटिश सेंच्युरियनचा. बहुतेक डबे ब्रिटिश नाहीतर इस्रायली रणगाड्याचेच असतात, आणि भारतीय करायचा तर बाहेरच्या पेट्या, दिवे, साखळदंड, आकडे, सगळं पुन्हा तपासावं लागतं. खरा सेंच्युरियन पन्नासेक टनांचा, साडेसात मीटरहून लांब. मॉडेल भरतं जेमतेम बावीस सेंटिमीटर, तोफेची नळी सोडून. एका बाजूला सहा चाकं. ती प्रत्येकी दुहेरी, म्हणजे रंगवायची झाली चोवीस.

एक गोष्ट त्याला तिथेच उमगली. म्युझियममधला रंग युद्धाचा नसतो. तो देखभालीचा असतो. ऊन-पावसात उभ्या असलेल्या लोखंडाला काही वर्षांनी रंग द्यावाच लागतो, आणि तो व्यवस्थित, चकाचक दिला जातो. डिसेंबरच्या थंडीत रात्रभर नदीच्या चिखलातून आलेला रणगाडा तसा दिसत नव्हता. चिखल कुठपर्यंत चढला असेल? खालच्या चाकांवर ओला, गडद. वर वाळलेला, फिकट. माणसं जिथून चढतात-उतरतात तिथे बुटांनी रंग घासलेला. हे त्याने तेलरंग पातळ करून, खाचांत सोडून, पुसून, स्पंजच्या तुकड्याने टिपून, तीन महिने केलं. बायकोचा जुना आयशॅडो ब्रशही कामी आला, तिच्या नकळत.

आणि मग गाडी अडली ती गोळ्याच्या भोकावर.

तंत्र त्याला येतं. तापवलेल्या सुईने प्लॅस्टिकला भोक पाडायचं, आतून कडा खरवडून पातळ करायच्या म्हणजे पोलादी पत्रा वाटतो. भोकाभोवती रंग करपलेला, वर काजळी, हवा तर कापसाचा धूर. स्पर्धांमध्ये असली मॉडेल्स भाव खाऊन जातात. फोटोही झकास येतात. प्रश्न होता, फामागुस्ता कुठल्या क्षणाचा करायचा? सकाळचा, नदी पार करून आलेला? की जळणारा?

उत्तराकडे जाण्याआधी त्याने अर्धवट रंगवलेला रणगाडा बिल्डिंगमधल्या सुभेदार काकांना दाखवायला नेला. साताऱ्याकडचे, रिटायर होऊन जमाना झाला. त्यांनी चष्मा लावून चारी बाजूंनी बघितला. टरेटवर अर्धा बाहेर आलेला, कानाला हेडसेट लावलेला पाच सेंटिमीटरचा अधिकारी होता, डब्यात आलेला. काका म्हणाले, ‘‘झ्याक केलाय. पण पोरा, ह्यात डायवर कुठाय?’’

मित्राकडे उत्तर नव्हतं. डब्यात ड्रायव्हर नव्हता. बहुतेक डब्यांत नसतोच. सेंच्युरियनमध्ये माणसं असतात चार. कमांडर, गनर, लोडर आणि ड्रायव्हर. फामागुस्तामध्ये ड्रायव्हर प्रयाग सिंग होते, तोफेवर नथू सिंग. ते दोघं वाचले. वायरलेस सांभाळणारे सवार नंद सिंग त्याच दिवशी गेले. आपल्या सगळ्यांच्या डोक्यात एकच चेहरा असतो, कारण पदकावर एकच नाव येतं. पण पन्नास टनांचं ते धूड सुरुंगांमधून कुणीतरी चालवत नेलं होतं ना?

मित्राने पुढचे दोन आठवडे एपॉक्सी पुट्टीतून ड्रायव्हरचं डोकं आणि खांदे कोरले. पुढच्या उजव्या बाजूच्या झाकणातून वर आलेले. शेंगदाण्याएवढं डोकं. चेहरा तिसऱ्या प्रयत्नात जमला.

आता भोकाचं. माझं मत त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. जळता रणगाडा नको. युद्ध सुंदर करून दाखवायचं नाही म्हणून जखमही दाखवलीच पाहिजे, असं म्हणणारे या छंदात आहेत आणि त्यांचा मुद्दा हलका नाही. चकाचक, डाग नसलेला रणगाडा ही एक थापच असते. पण ज्या शोकेसमध्ये हे जाणार, तिच्यासमोर लोक चिवडा खातात. तिथे ठेवलेली आग दोन महिन्यांत डेकोरेशन होते. चिखल होत नाही. चिखलाकडे बघून माणूस विचारतो, हा आला कुठून?

आणखी एक गोष्ट आहे, ती मी त्याला सांगितली. २००१ मध्ये खेत्रपालचे वडील, निवृत्त ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल, ८१ व्या वर्षी पाकिस्तानात गेले होते. सरगोधा हे त्यांचं जन्मगाव, ते डोळ्यांनी बघायचं होतं. लाहोरमध्ये त्यांचा पाहुणचार केला निवृत्त ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासेर यांनी. फार आपुलकीने, घरच्यासारखा. शेवटी एका रात्री नासेर यांनी त्यांना सांगितलं, की १६ डिसेंबरला समोरच्या रणगाड्यात मी होतो, तुमचा मुलगा माझ्या हातून गेला. तीस वर्षं त्यांनी ते मनात ठेवलं होतं. तो गोळा कसा लागला हे ज्याला नीट माहीत होतं, त्याला ते सांगायला तीस वर्षं लागली. आपण ते तापल्या सुईने दहा मिनिटांत करणार?

मित्र काही बोलला नाही. पण सुई परत शिवणाच्या डब्यात गेली.

सध्या फामागुस्ता सकाळचा आहे. वाळू, चिखल, ड्रायव्हर, अधिकारी. राहिलेत फक्त पट्टे. डब्यातला रबरी पट्टा त्याला पसंत नाही, कारण खरा पट्टा स्वतःच्या वजनाने चाकांवर किंचित लोंबतो आणि रबराचा लोंबत नाही. म्हणून सुट्ट्या दुव्यांचा वेगळा सेट मागवलाय. कस्टम्स धरून मूळ डब्याच्या जवळपास किमतीला पडला. दोन्ही बाजू मिळून दुवे दोनशेच्या आसपास, प्रत्येक कापायचा, घासायचा, ओवायचा. रोज रात्री जेवणानंतर दहा, असा त्याचा हिशेब आहे. रिलीज असेल त्या आठवड्यात शून्य.

‘‘डिसेंबरपर्यंत होईल,’’ तो परवा म्हणाला.

‘‘कुठल्या डिसेंबरपर्यंत?’’ मी विचारलं.

‘‘तो सहाशेचा वॉटर पेपर दे इकडे,’’ तो म्हणाला.